महाग फोनला रेंज जास्त येते का?

प्रश्न : मी राजूरला (ता. अकोले) राहतो. नोकरीतून निवृत्त झालो, आता भातशेती बघतो. सहा वर्षांपूर्वीचा फोन सारखा हँग होतो, म्हणून नवा घ्यायचा आहे. दुकानातल्या मुलाने रॅम, मेगापिक्सेल, प्रोसेसर असं बरंच काही सांगितलं. घरी येईपर्यंत त्यातलं काही लक्षात राहिलं नाही. आमच्याकडे पेठेत रेंज असते. घरात मात्र फक्त पडवीत येते आणि भंडारदऱ्याच्या बाजूला शेतावर गेलं की जातेच. तो मुलगा म्हणाला, 'काका, महाग फोन घ्या, रेंज फुल्ल येईल.' हे खरं का? आणि यातलं काही न कळणाऱ्या माणसाने फोन निवडायचा तरी कसा?

उत्तर : तुमच्या पत्रात दोन प्रश्न एकमेकांत अडकलेत. फोन कसा निवडायचा हा एक, आणि पैसे जास्त मोजले की रेंज वाढते का हा दुसरा. दुसरा आधी सोडवू, कारण तुमचे जास्तीचे आठ-दहा हजार त्याच्यावरच जायला निघालेत. त्या मुलाचं म्हणणं अगदीच खोटं नाही, पण तुमच्या अडचणीवर ते औषध नाही.

फोनवरचं बोलणं दोन्ही बाजूंनी चालतं. टॉवरचा आवाज मोठा असतो, तो दूरवर पोचतो. फोनला मात्र आपल्या खिशातल्या छोट्या बॅटरीवर उत्तर पाठवायचं असतं. हे उत्तर किती जोरात द्यायचं याची मर्यादा जगभर ठरलेली आहे. 4जी फोन जास्तीत जास्त 0.2 वॅटच्या आसपास शक्ती वापरतो. देवघरातला अर्ध्या वॅटचा एलईडी दिवासुद्धा याहून जास्त वीज घेतो. आणि ही मर्यादा दहा हजारांच्या फोनला जेवढी, तेवढीच लाखाच्या फोनला. महाग फोनचा अँटेना थोडा सरस असू शकतो, त्यामुळे काठावरच्या जागी फरक जाणवतो. पण मध्ये डोंगर उभा असेल तर पैशाने तो हलत नाही.

डोंगराचं गणित वेगळंच आहे. लग्नाची वरात पलीकडच्या पाड्यात असली की ढोलाचा घुमारा आपल्यापर्यंत येतो, पण गाण्याचे शब्द येत नाहीत. जाड, संथ आवाज अडथळ्याला वळसा घालतो; बारीक, तीव्र आवाज तिथेच अडतो. रेडिओलहरींचंही तसंच. 700 किंवा 900 मेगाहर्ट्झच्या लहरी लांब जातात, टेकडीच्या कडेने थोड्या वळतात, भिंतीतूनही बऱ्यापैकी शिरतात. 2300 किंवा 3500 मेगाहर्ट्झच्या लहरींतून माहिती भरपूर वाहून नेता येते, पण त्या जवळच्या जवळ संपतात. या वेगवेगळ्या पट्ट्यांना बँड म्हणतात. तुमच्या भागातला टॉवर कोणत्या कंपनीचा, किती अंतरावर, कोणत्या बँडवर चालणारा आणि मध्ये काय आडवं येतं, यावर तुमची रेंज ठरते. डोंगराच्या माथ्यावर फोन लागतो आणि खालच्या घळीत लागत नाही, हा अनुभव कळसूबाईच्या वाटेने गेलेल्या पुष्कळांचा आहे. फोन तोच असतो; माथ्यावरून दूरचा टॉवर समोर दिसतो, घळीतून दिसत नाही, एवढंच.

म्हणजे आधी सिम निवडायचं, मग फोन. लोक नेमकं उलटं करतात. शेजारीपाजारी, पाहुण्यांत ज्यांच्याकडे दुसऱ्या कंपनीचं सिम आहे त्यांना एकदा घरी चहाला बोलवा आणि त्यांचा फोन तुमच्या माजघरात, पडवीत, शेताच्या बांधावर धरून बघा. फक्त दांड्या मोजू नका. किती सिग्नलला किती दांड्या दाखवायच्या हे प्रत्येक कंपनी आपापलं ठरवते, त्यामुळे एका फोनवरच्या तीन दांड्या आणि दुसऱ्यावरच्या तीन सारख्या नसतात. खरा आकडा सेटिंगमध्ये असतो. 'अबाउट फोन'मध्ये जाऊन 'सिम स्टेटस' उघडलं की 'सिग्नल स्ट्रेंथ'पुढे उणे चिन्हाचा एक आकडा दिसतो. उणे 85 असेल तर उत्तम, उणे 110 म्हणजे कसंबसं, उणे 120 म्हणजे जवळपास नाहीच. शून्याच्या जितकं जवळ तितकं चांगलं, एवढं लक्षात ठेवलं की पुरे.

आता तुमची पडवी. घरावर पत्रे असतील, तर घरात रेंज न येण्याचं कारण वर बघितलं की सापडेल. धातूचा पत्रा रेडिओलहरी परतवून लावतो. जाड दगडी किंवा मातीच्या भिंती त्या शोषतात. पडवी एका बाजूने उघडी, म्हणून तिथून लहर आत येते. फोन बदलून माजघरातला अंधार जाणार नाही. मात्र घरी वायफाय घेतलेलं असेल तर एक सोपी सोय आहे, ती फार कमी लोक वापरतात. सेटिंगमध्ये 'वायफाय कॉलिंग' सुरू करा. मग नेहमीच्या नंबरवरचा कॉल टॉवरऐवजी घरच्या वायफायवरून जातो, वेगळं अॅप लागत नाही. देशातल्या मोठ्या कंपन्यांनी ही सोय 2019-20च्या सुमारास सुरू केली आणि आजच्या बहुतेक फोनमध्ये ती असते. घेताना दुकानात एवढं विचारा, की माझ्या कंपनीच्या सिमवर ती या फोनमध्ये चालते का.

रेंजचा बॅटरीशी संबंध आहे, तोही इथेच सांगतो. टॉवर जवळ असला की फोन हळू आवाजात बोलतो. टॉवर दूर गेला की तो पूर्ण जोर लावतो, आणि रेंज अजिबात नसेल तर टॉवर शोधत राहतो. म्हणून पेठेत दिवसभर पुरणारी बॅटरी घाटघरच्या बाजूला गेलं की दुपारीच संपते आणि फोन गरम लागतो. फोनमध्ये बिघाड आहे असं समजून माणसं तो दुरुस्तीला देतात. शेतावर रेंज नाहीच हे माहीत असेल, तर तेवढा वेळ फोन विमान मोडवर टाका, बॅटरी वाचेल.

यावर कुणी म्हणेल, मग जागेचा ठावठिकाणा कसा कळणार? कळतो. जीपीएस इंटरनेटवर चालतं हा फार पसरलेला गैरसमज आहे. फोन आकाशातल्या उपग्रहांचे संकेत नुसते ऐकतो, त्याला रिचार्ज लागत नाही आणि रेंजही लागत नाही. रेंज नसताना दिसत नाही तो नकाशा, कारण नकाशाचं चित्र नेटवरून येतं. ते आधी उतरवून ठेवलं तर हरिश्चंद्रगडावरही वाट दिसते. तुमच्यासाठी हे ई-पीक पाहणीला उपयोगाचं आहे. 2021 पासून राज्यभर पिकाची नोंद शेतकऱ्याने स्वतः फोनवरून करायची पद्धत सुरू झाली, आणि तिच्यात पिकाच्या फोटोबरोबर शेताचं ठिकाणही नोंदलं जातं. झाडाखाली किंवा घळीत उभं राहिलात तर उपग्रह नीट दिसत नाहीत आणि जागा चुकीची येते. उघड्यावर या, फोन हातात धरून एक-दोन मिनिटं थांबा, मग नोंद करा. फोन विकत घेताना जीपीएससाठी वेगळे पैसे मोजायची गरज नाही, ते आता सगळ्यांतच असतं.

हे झालं रेंजचं. आता निवड कशी करायची.

राजूरला डांगी जनावरांचं प्रदर्शन भरतं. तिथे बैल बघताना शिंगांचा रंग आणि गळ्यातल्या माळा बघून कुणी सौदा करत नाही. दात बघतात, खूर बघतात, चार पावलं चालवून बघतात. आणि मुळात या मुलखात डांगीच का? त्याच्या कातडीतून तेलकट स्राव येतो, त्यामुळे धो-धो पावसात पाणी अंगात मुरत नाही. खूर काळे आणि टणक, चिखलात आणि खडकात टिकणारे. आधी मुलूख, मग काम, मग जनावर, अशी ती पारख आहे. तुम्हाला यातलं काही कळत नाही असं तुम्ही लिहिलंत, ते मला पटत नाही. ही पारख तुमच्याकडे आहेच, फोनच्या बाबतीत दात कुठले आणि खूर कुठले एवढंच माहीत नाही.

तुमचा जुना फोन हँग का होतो, तिथून सुरुवात करू. राजूरचे पेढे करणाऱ्याच्या भट्टीवर एका वेळी किती कढया चढतात, ती झाली रॅम. मागच्या खोलीत किती माल रचून ठेवता येतो, ते झालं स्टोरेज. कढया कमी असतील तर एक उतरवल्याशिवाय दुसरी चढत नाही. फोनमध्ये एक अॅप सोडून दुसऱ्यात गेलात की पहिलं पुन्हा पहिल्यापासून सुरू होतं, ते यामुळे. आणि मागची खोली दारापर्यंत भरली तर भट्टीवाल्याला वळायला जागा उरत नाही. माझ्या आईचा फोन असाच अडायला लागला तेव्हा तिनेही नवा घ्यायचं ठरवलं होतं. उघडून बघितलं, तर व्हॉट्सअॅपवर आलेली शुभ सकाळची चित्रं, त्याच त्या चित्रफिती, नातेवाइकांच्या पाच ग्रुपांवर फिरलेलं एकच लग्न. सगळं आपोआप उतरून बसलेलं. ते काढलं, आपोआप उतरवण्याची सेटिंग बंद केली, आणि तो फोन पुढे दीड वर्ष चालला. तुम्हीही दुकानात जाण्याआधी हे एकदा करून बघा. सहा वर्षं झालीत म्हणजे फोन बदलावा लागेलच बहुधा, पण घाई उरणार नाही.

नव्यात 6 जीबी रॅम आणि 128 जीबी स्टोरेज असावं असं माझं मत आहे. तुमच्या कामाला त्याहून जास्त लागत नाही आणि कमी घेतलं तर दोन वर्षांत पुन्हा हाच प्रश्न. खोक्यावर '6 अधिक 6 जीबी' असं लिहिलेलं दिसेल. त्यातले दुसरे 6 म्हणजे स्टोरेजचाच कोपरा रॅमसारखा वापरलेला असतो. मागच्या खोलीत मांडलेली जादा चूल, ये-जा करण्यात वेळ जातो. त्याला रॅम म्हणून पैसे देऊ नका. मेमरी कार्ड घालायचं असेल तर सिमचा ट्रे काढून दाखवायला सांगा. काही फोनमध्ये दुसरं सिम आणि कार्ड यांची जागा एकच असते, दोन्हींतलं एकच बसतं. डोंगराकडच्या माणसाला दोन कंपन्यांची दोन सिम सोयीची पडतात, त्यामुळे हे आधीच बघितलेलं बरं.

मेगापिक्सेलवर फार वेळ घालवत नाही. 50 मेगापिक्सेलचा कॅमेरा साधारणपणे चार-चार ठिपके एकत्र करून साडेबारा मेगापिक्सेलचाच फोटो देतो. चित्र चांगलं येणं हे आतला सेन्सर किती मोठा आणि भिंग किती चांगलं यावर अवलंबून असतं. दुकानात तिथल्या अंधाऱ्या कोपऱ्याचा एक फोटो काढा आणि बाहेर उन्हात एक काढा, दोन्ही मोठे करून बघा. उन्हात गेलात की आणखी एक गोष्ट आपोआप कळेल, स्क्रीनवरची अक्षरं वाचता येतात की नाही. शेतात उभं राहून मेसेज वाचणाऱ्याला याचं महत्त्व दुकानातल्या दिव्याखाली कळत नाही.

पाऊस हा तुमच्या मुलखातला मोठा विषय, त्यामुळे इथे थोडं थांबतो. फोनच्या खोक्यावर आयपी आणि पुढे दोन आकडे असतात. पहिला धुळीचा, दुसरा पाण्याचा. आयपी54 म्हणजे शिंतोडे सोसेल. आयपी67 म्हणजे एक मीटर खोल गोड्या पाण्यात अर्धा तास. आयपी68 त्याहून पुढचं. पण ही चाचणी नव्या फोनची, स्वच्छ पाण्यात घेतलेली असते. फोन दोनदा पडला, कडेचा चिकट थर सुटला, की तो आकडा कागदावरच राहतो. शिवाय पाणी गेल्यामुळे झालेलं नुकसान बहुतेक वॉरंटीत धरत नाहीत. म्हणून आयपी64-65चा साधा फोन आणि आवणीच्या दिवसांत प्लास्टिकची पिशवी, एवढं तुम्हाला पुरे. भिजलाच तर बंद करा, पुसा, भोक खाली करून वाऱ्यावर ठेवा आणि पूर्ण वाळेपर्यंत चार्जिंगला लावू नका. तांदळाच्या डब्यात पुरायचा घरगुती उपाय सोडून द्या. तांदूळ फोनच्या आतलं पाणी ओढत नाही, कोंडा आणि बारीक कण मात्र चार्जिंगच्या भोकात जातात. आयफोन बनवणाऱ्या कंपनीनेही तसं करू नका असंच सांगितलं आहे.

पावसात फोन वेड्यासारखा स्वतःच बटणं दाबतो, अशी तक्रार बरेच जण करतात. टच स्क्रीन दाब ओळखत नाही, बोटाचा विद्युत प्रभाव ओळखते. म्हणून नखाने ती चालत नाही. पाण्याच्या थेंबाचाही असाच प्रभाव पडतो, तेव्हा स्क्रीनला थेंब आणि बोट यांतला फरक कळेनासा होतो. पुसली की ठिकाणावर येते. बोटाच्या ठशाचंही एक सांगून ठेवतो. वर्षानुवर्षं विळा-कुदळ धरलेल्या हातांवरच्या रेषा झिजलेल्या असतात आणि फोन त्या ओळखत नाही. दुकानातच स्वतःचा अंगठा लावून बघा, दोन-तीनदा. नाहीच ओळखला तर आकड्यांचं कुलूप ठेवा. त्यात काही कमीपणा नाही, आणि नीट निवडलेला सहा आकडी पिन पुरेसा सुरक्षित असतो.

5जीबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, पण दुकानदार बोलणारच. देशात ते 1 ऑक्टोबर 2022 रोजी सुरू झालं. 5जी फोन 4जीवर व्यवस्थित चालतो, त्यामुळे चार-पाच वर्षं वापरायच्या फोनमध्ये ते असलेलं बरं. फक्त त्याच्यासाठी वेगळे पैसे मोजू नका. रेंज काठावरची असेल तर सेटिंगमध्ये 4जीला पसंती देऊन ठेवा. 5जी येतं-जातं अशा जागी बॅटरी उगाच खर्ची पडते. परदेशातल्या भाच्याने तिकडचा फोन आणून देतो म्हटलं, तर मात्र घेण्याआधी तो आपल्याकडच्या बँडवर चालतो का हे त्याला तपासायला सांगा. तिकडचे पट्टे वेगळे असू शकतात.

बॅटरी 5000 एमएएच असली म्हणजे झालं. नवा फोन पहिल्यांदा आठ तास चार्ज करायचा, किंवा शून्यावर आणूनच लावायचा, हे नियम निकेलच्या जुन्या बॅटरीचे होते. आताच्या लिथियमच्या बॅटरीला उलट शून्यावर जाणं सोसत नाही आणि उष्णता तर अजिबात नाही. उशीखाली ठेवून चार्ज करू नका. विजेच्या बिलाची काळजी असेल तर सांगतो, एका युनिटमध्ये असा फोन साधारण 35-40 वेळा पूर्ण चार्ज होतो.

दुकानात सगळ्यात कमी विचारला जाणारा आणि मला सगळ्यात महत्त्वाचा वाटणारा प्रश्न शेवटी ठेवला आहे. 'याला सुरक्षेचे अपडेट किती वर्षं मिळणार?' फोनच्या आतल्या कुलपांच्या किल्ल्या चोर सतत शोधत असतात आणि कंपनी अपडेट पाठवून कुलपं बदलत असते. ते यायचे थांबले की फोन चालतो, पण कुलूप जुनंच राहतं. पेन्शनचं खातं आणि यूपीआय ज्या फोनवर आहे त्याला हे परवडत नाही. काही महाग फोनना आता सात वर्षं अपडेटचं वचन असतं. मधल्या किमतीत चार वर्षं तरी मागा. जास्तीचे दोन हजार खर्च करायचेच असतील तर ते इथे करा. दुसरा असाच प्रश्न, सर्व्हिस सेंटर कुठे? अकोले, संगमनेर की थेट नाशिक? स्क्रीन फुटल्यावर पूर्ण दिवस आणि एसटीचं भाडं कुठे जाणार ते आताच कळलेलं बरं.

पक्कं बिल घ्या आणि त्यावर आयएमईआय नंबर छापलेला आहे ना ते बघा. हा प्रत्येक फोनचा 15 आकडी नंबर असतो. *#06# दाबलं की स्क्रीनवर येतो. बिलावरचा, खोक्यावरचा आणि स्क्रीनवरचा, तिन्ही सारखे हवेत. जुना फोन स्वस्तात मिळतोय म्हणून घेणार असाल तर मेसेजमध्ये केवायएम ही अक्षरं इंग्रजीत लिहा, पुढे जागा सोडून तो नंबर लिहा आणि 14422 वर पाठवा. तो नंबर काळ्या यादीत तर नाही ना, हे उत्तरात कळतं. हप्त्यावर घेत असाल तर महिन्याचा हप्ता विचारू नका, शेवटी एकूण किती रुपये जाणार ते कागदावर लिहून मागा.

नवा फोन हातात आला की जुना लगेच कुणाला देऊन टाकू नका. महिनाभर कपाटात राहू द्या. बँकेचं अॅप, व्हॉट्सअॅपवरच्या जुन्या गोष्टी, सगळे नंबर नव्यात आलेत याची खात्री झाली की मग तो पुसून रिकामा करा. त्याआधी घरातल्या कुणाला तरी एक संध्याकाळ शेजारी बसवून घ्या आणि सहा वर्षांचे फोटो एकेक करून बघा. शुभ सकाळची चित्रं जाऊ देत. आवणीच्या दिवसांतले, घरातल्या माणसांचे वेगळे काढून नव्या फोनवर घ्या.